‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून ठेवलेली धंद्यातली कामं हातावेगळी कशी करायची

आपल्याकडे धंद्यातलं अवघड काम पुढे ढकलायला कॅलेंडरच मदत करतं. मार्चमध्ये इयर एंडची गडबड, एप्रिल-मेमध्ये लग्नसराई आणि समोरची पार्टी गावाला गेलेली, जूनमध्ये मुलांच्या अॅडमिशन, मग गणपती, गणपती झाले की पितृपंधरवडा म्हणजे नवीन काही बोलायचं नाही, मग नवरात्र, दसरा, आणि त्यानंतर कुणाला काही जड विषय काढायचा म्हणलं की ठरलेलं उत्तर, दिवाळीनंतर बघू. दिवाळी झाली की दोन महिन्यात परत मार्च दिसायला लागतो.

मी छोटी वर्कशॉप, दुकानं, जॉब वर्कवाले यांचे हिशोब बघतो. त्यात एक गोष्ट सारखी दिसते की ही कामं टाळणारी माणसं आळशी अजिबात नसतात. सकाळी आठला शटर उघडतात, टेम्पो स्वतः भरून देतात, रात्री दहाला घरी जातात. फक्त ज्या दिवशी त्या एका पार्टीला पैशासाठी फोन करायचा असतो नेमकं त्याच दिवशी त्यांना गोडाऊन आवरायचं सुचतं. टाळलेलं काम नेहमी कामाच्याच आड लपलेलं असतं, म्हणून ते सापडतही नाही.

नवीन धंदा सुरू केलेल्यांसाठी हे लिहितोय, कारण पहिल्या दोन-तीन वर्षात लागलेली ही सवय नंतर फार महाग पडते.

आधी यादी, पण माणसाच्या नावाने

एक कागद घ्या (मोबाईलमध्ये नको, मोबाईल उघडला की व्हॉट्सअॅप उघडतं) आणि गेल्या तीन महिन्यात ‘करायचंय’ असं मनात येऊन गेलेलं पण न झालेलं सगळं लिहा. बहुतेक धंद्यात तीच पाच-सहा कामं निघतात: थकलेली उधारी मागणं, भाव वाढवल्याचं सांगणं, न जमणाऱ्या माणसाला कामावरून कमी करणं, पार्टनरशी हिशोबाचं बोलणं, जीएसटीची किंवा बँकेची नोटीस उघडून वाचणं, तोट्यात चाललेलं काहीतरी बंद करणं.

नीट बघितलं तर यातल्या प्रत्येक कामात एक तर कुणाच्या तरी तोंडावर काहीतरी बोलायचंय, नाहीतर एखादा आकडा बघायचाय जो बघायची भीती वाटते. मशीन दुरुस्त करायचं काम असं कधी महिनोन्महिने राहत नाही. त्यामुळे यादीत ‘वसुली’ असं लिहून उपयोग नाही, वसुली हे काम नाहीच, ते डोकेदुखीचं नाव आहे. ‘गुरुवारी साडेअकराला त्या कंपनीच्या अकाउंट्समधल्या मॅडमना फोन, बिल नंबर ४२’ हे काम. माणूस, दिवस, वेळ आणि पहिलं वाक्य काय बोलणार, एवढं लिहिता आलं तरच ते यादीत ठेवा. नाही लिहिता आलं तर बहुतेक वेळा काम मोठं आहे, त्याचा पहिला तुकडा शोधा. ‘जीएसटीचं बघायचं’ याचा पहिला तुकडा म्हणजे पोर्टलला लॉगिन करून कुठल्या महिन्याचे रिटर्न राहिलेत ते कागदावर उतरवणं, बस. त्या दिवशी भरायचं नाही, फक्त उतरवायचं.

मग प्रत्येक कामाचं मीटर बघा

ही पायरी लोक सोडून देतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक हिनेच पडतो. टाळलेल्या प्रत्येक कामाचं रिक्षासारखं मीटर चालू असतं. ते दिसत नाही म्हणून आपण आरामात बसून राहतो, एकदा आकडा दिसला की बसवत नाही.

भाववाढीचं घ्या. समजा तुमचा माल १०० रुपयाला जातो, त्यात कच्चा माल ६०, बाकी खर्च ३०, उरतात १०. कच्चा माल १० टक्क्याने वाढला म्हणजे ६ रुपये गेले, आता उरतात ४. महिन्याची विक्री २ लाख असेल तर दर महिन्याला १२,००० रुपये तुम्ही गिऱ्हाइकाला न सांगता देताय, सहा महिने ‘बघू’ केलं की ७२,०००. आता त्या न केलेल्या फोनची किंमत ७२,००० आहे हे कागदावर लिहा आणि मग ठरवा फोन अवघड आहे का.

जीएसटीचं मीटर जरा फसवं आहे. ३बी (म्हणजे जीएसटीआर-३बी, विक्रीची गोळाबेरीज दाखवून टॅक्स भरायचं रिटर्न) उशिरा भरलं तर रोजचे ५० रुपये लेट फी, निल (म्हणजे काही व्यवहारच नाही) असेल तर २०, आणि उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर एका रिटर्नला जास्तीत जास्त २,००० वर ती थांबते, त्यामुळे लोकांना वाटतं एवढंच ना, भरू. पण भरायच्या टॅक्सवर वर्षाला १८ टक्के व्याज वेगळं, आणि खरा मार तिसरीकडून बसतो. मागचं ३बी राहिलं की पुढचं जीएसटीआर-१ (बिलवार विक्रीचं रिटर्न) भरता येत नाही, ते नाही भरलं की तुमचं बिल गिऱ्हाइकाच्या २बी मध्ये (पोर्टलवर त्याला दिसणाऱ्या खरेदीच्या यादीत) दिसत नाही, त्याला क्रेडिट (म्हणजे तुम्हाला दिलेल्या टॅक्सची त्याच्या टॅक्समधून वजावट) मिळत नाही, मग तो तुमचं पेमेंट अडवून ठेवतो आणि वर परत तुम्हालाच ऐकवतो. सलग दोन रिटर्न राहिले तर ई-वे बिल (माल गाडीने पाठवायला लागणारा ऑनलाइन कागद) पण ब्लॉक होतं, म्हणजे माल तयार आणि गाडी दारात उभी. ५० रुपये रोज कुणाला आठवत नाहीत, गाडी दारात उभी राहिलेली आठवते.

काही मीटर मात्र असे आहेत की ते एका दिवशी थेट बंद पडतात आणि हक्कच जातो. या तारखा पाठ असू द्या. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो. चेक बाउन्स झाला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसात लेखी नोटीस जायला पाहिजे, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस मिळतात, तेवढ्यात पैसे नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. समोरचा गोड आवाजात ‘शेठ, परत टाका ना पुढच्या आठवड्यात’ म्हणतो, आपण टाकतो, परत येतो, परत टाकतो. मुदतीत परत टाकायला हरकत नाही, पण चेकची तारीख आणि बाउन्स झाल्याच्या बँकेच्या मेमोची तारीख डायरीत लिहूनच टाका. साध्या उधारीचा दावा साधारण तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, आणि त्याआधी समोरच्याने लेखी बाकी कबूल केली असेल तर ती मुदत तिथून नव्याने मोजतात. म्हणून दर वर्षी मार्चअखेरचा खातेउतारा पाठवून त्यावर सही-शिक्का घ्या. पार्टीशी गोडी असतानाच घ्या, भांडण झाल्यावर कुणी सही देत नाही.

वसुलीबद्दल जरा सविस्तर

सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम हेच, म्हणून इथे थांबतो. आपल्यात पैसे मागायची लाज वाटते, संबंध बिघडतील वाटतं, पुढची ऑर्डर जाईल वाटतं. भीड भिकेची बहीण असं म्हणतात ते उगाच नाही. पण बघा, मोठ्या कंपनीत जो माणूस तुमचं बिल बघतो त्याला तुमच्या संबंधांशी काही घेणं नसतं, त्याच्या टेबलावर दोनशे बिलं असतात आणि ज्याचा फोन येतो त्याचं बिल तो वर काढतो. न मागणाऱ्याला तिथे कुणी सज्जन म्हणत नाही, त्याचं बिल खाली जातं एवढंच.

पहिला फोन पर्चेसवाल्या साहेबांना करू नका. ऑर्डर त्यांनी दिली, पैसे ते देत नाहीत, आणि त्यांच्याशी पैशाचं बोलताना तुम्हाला जास्तच अवघडल्यासारखं होतं. अकाउंट्समध्ये फोन लावा आणि पैसे मागूच नका, फक्त विचारा, ‘मॅडम, बिल नंबर ४२ तुमच्याकडे एंट्री झालंय का?’ अर्ध्या वेळा उत्तर येतं की बिल मिळालंच नाही, किंवा पीओ (पर्चेस ऑर्डर) नंबर चुकलाय, किंवा स्टोअरने माल मिळाल्याची एंट्री केली नाही. म्हणजे दोन महिने तुम्ही ज्याला बुडवा समजत होता त्याच्याकडे कागदच पोचलेला नव्हता. हा प्रश्न विचारायला कुणालाही लाज वाटायचं कारण नाही, म्हणून सुरुवात याने करा. दुसरा प्रश्न, ‘तुमच्याकडे पेमेंट कुठल्या तारखांना निघतं?’ बऱ्याच ठिकाणी महिन्यातल्या एक-दोन ठरलेल्या तारखा असतात, त्याच्या आधी दोन-तीन दिवस आठवण करायची, नंतर केली की महिना गेला.

फोननंतर लगेच मेसेज, म्हणजे बोलणं कागदावर येतं. असा साधा:

‘नमस्कार साहेब. बिल नं. ४२, रक्कम ६८,४०० रुपये, ड्यू तारीख २५ ऑगस्ट. आज अकाउंट्समध्ये बोलणं झालं, एंट्री झालेली आहे. पेमेंट १० तारखेच्या लॉटमध्ये धरू का? कळवा, म्हणजे पुढच्या ऑर्डरचं मटेरियल त्याप्रमाणे लावतो.’

यात माफी नाही, ‘तुम्हाला त्रास देतोय’ नाही, घरच्या अडचणी नाहीत. आपली माणसं मुलीची फी, आईचं ऑपरेशन असं सगळं सांगतात, त्याची गरज नाही, माल दिलाय त्याचे पैसे आहेत. शेवटचं वाक्य मात्र ठेवा. धमकी न देता ते सांगतं की पुढचा माल पेमेंटला बांधलेला आहे.

आता कायद्याचा भाग, कारण नवीन लोकांना हा माहीतच नसतो. तुम्ही माल बनवत असाल किंवा सर्व्हिस देत असाल आणि उद्यम नोंदणीत (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीत) मायक्रो किंवा स्मॉल असाल तर एमएसएमईडी कायदा २००६ (लहान उद्योगांसाठीचा कायदा) प्रमाणे समोरच्याने १५ दिवसात, आणि लेखी करार असेल तर त्या मुदतीत पण जास्तीत जास्त ४५ दिवसात पैसे द्यायला पाहिजेत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या ट्रेडरला हे मिळत नाही, तो उद्यममध्ये असला तरी. नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला हजारो रुपये देऊ नका, आणि माल द्यायच्या आधीच करून ठेवा, नंतर केलेल्या नोंदणीवर जुन्या बिलांसाठी वाद होतात. उद्यम नंबर बिलावर छापा. तरीही पैसे आले नाहीत तर सरकारी पोर्टलवरून फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे) अर्ज जातो, पण ते शेवटचं हत्यार, त्या पार्टीचं काम परत मिळणार नाही हे धरूनच उचला.

त्याआधीची दोन मऊ हत्यारं जास्त कामाची आहेत. एक, २०२३ च्या फायनान्स अॅक्टने केलेल्या बदलामुळे अशा मायक्रो-स्मॉल सप्लायरचं मुदत उलटलेलं बिल ३१ मार्चपर्यंत भरलं नाही तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. म्हणजे ‘मार्चमध्ये कशाला मागायचे, त्यांची गडबड असते’ हे पूर्ण उलटं आहे, फेब्रुवारीच्या शेवटापासून मागायला सगळ्यात चांगला काळ. दोन, १८० दिवसात बिलाचे पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला त्यावर घेतलेलं जीएसटी क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. ‘साहेब, १८० दिवस होत आलेत, तुमचं क्रेडिट अडकायला नको म्हणून आठवण केली’ असं म्हणता येतं, आणि हे बोलताना आपण मागतोय असं वाटत नाही, त्यांचीच काळजी करतोय असं वाटतं. काही पार्ट्या म्हणतात उद्यम नंबर टाकू नका बिलावर, नाहीतर ऑर्डर नाही. तिथे काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण अशी पार्टी पैसे कधी देणार हे तिने आधीच सांगितलंय असं मी समजतो.

वेळ ठरवा, मूड नाही

मूड आला की करू म्हणलं तर पैसे मागायचा मूड आयुष्यात येत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी या विषयावर बरंच काम केलंय, त्याचं सार एवढंच की ‘करणार आहे’ म्हणण्यापेक्षा ‘अमुक झालं की लगेच तमुक करणार’ असं आधी ठरवलेलं काम होण्याची शक्यता जास्त. धंद्यात ते असं वापरा: मंगळवारी साडेअकराचा चहा आला की कप हातात घेऊन यादीतला पहिला फोन. सकाळी नऊला करू नका, समोरचा माणूस जागेवर बसलेला नसतो आणि फोन न लागल्याचा आपल्याला आनंदच होतो.

एका बैठकीत एकच अवघड काम ठेवा. उत्साहात सात फोन लिहिणारा पुढच्या आठवड्यात एकही करत नाही.

दुकानात किंवा घरात कुणी एक जण असू द्या ज्याला संध्याकाळी विचारायचा अधिकार आहे, ‘त्या फोनचं काय झालं?’ बऱ्याच घरांत वहिनी किंवा आईच हे काम फार चांगलं करतात, त्यांना पार्टीची भीड नसते. खरं तर काही ठिकाणी वसुलीचा फोनच त्यांनी करायला लागल्यावर पैसे यायला लागलेले मी बघितलेत.

निर्णय अडकला असेल तर

फोन करणं वेगळं आणि निर्णय घेणं वेगळं. निर्णयात आपण म्हणतो अजून माहिती घेतो. तेव्हा स्वतःला एक प्रश्न विचारा, कुठली माहिती आली तर माझं मत बदलेल? उत्तर असेल, समजा ‘दुसऱ्या सप्लायरचं कोटेशन आलं तर’, तर ते आजच मागवा. उत्तरच नसेल तर निर्णय झालेलाच आहे, तुम्ही फक्त बोलायचं टाळताय.

दुसरं असं की परत फिरता येणारे निर्णय पटकन घ्या, न फिरता येणाऱ्यांना वेळ द्या, आणि आपण बरोबर उलटं करतो. नवीन सप्लायरकडून एक छोटा लॉट घेऊन बघायला सहा महिने घालवतो आणि मित्राच्या शब्दावर पार्टनरशिप डीड न वाचता सही करतो, मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहतो. जामीन, पार्टनरशिप, लांब मुदतीचं भाडं, घर तारण ठेवणं यावर महिनाभर विचार केला तरी ती चालढकल नाही.

भाववाढ हा परत फिरता येणाऱ्यातला. सगळ्या गिऱ्हाइकांना एकदम नको, आधी नवीन चौकशांना नवीन भाव द्या, मग लहान जुन्या पार्ट्यांना, मोठ्या पार्टीला शेवटी पण तारीख लिहून पत्र. ‘१ तारखेपासूनच्या ऑर्डरला नवीन दर, त्याआधी आलेल्या ऑर्डर जुन्या दराने’ एवढंच. आणि इथून पुढे प्रत्येक कोटेशनवर मुदत टाका, १५ किंवा ३० दिवस, म्हणजे पुढच्या वेळी भाववाढ सांगायचीच वेळ येत नाही, कोटेशन आपोआप संपलेलं असतं.

माणसाला कमी करायचं असेल तर थोडक्यात: सणाच्या आदल्या दिवशी नको, सगळ्यांसमोर नको, व्हॉट्सअॅपवर तर नकोच. नोटीसचे नियम आणि देणी आधी तुमच्या कन्सल्टंटला विचारून हिशोब तयार ठेवा, मग समोर बसवून दहा मिनिटात सांगा. ‘सुधारशील का’ हे बोलणं त्याच्या बरंच आधी, लेखी झालेलं असावं. ते न बोलता वर्षभर चिडचिड करून एक दिवस काढून टाकणं हा त्या माणसावर पण अन्यायच.

पार्टनरशी बोलणं याहून अवघड, कारण तो बहुतेक मित्र किंवा भाऊ असतो. तिथे भावनेने सुरुवात केली की संपलं. दर तिमाहीला हिशोबाची बैठक ठरवून टाका आणि त्यात आधी दोघांनी किती काढले तो कागद टेबलावर ठेवा. बैठक ठरलेली असली की ‘आज हा विषय का काढला’ असं कुणी म्हणत नाही.

बँक, आणि बंद करायची वेळ

हप्ता भरता येणार नाही असं दिसतंय तर बँकेत तारखेच्या आधी जा. लोक नेमकं उलटं करतात, फोन उचलायचे बंद करतात. हप्ता थकल्यावर ३० दिवसांपर्यंत खातं एका वॉचलिस्टमध्ये, ६० पर्यंत दुसऱ्या, ९० पर्यंत तिसऱ्या, आणि ९० दिवसांपुढे एनपीए (म्हणजे बँकेच्या लेखी थकीत-बुडीत खातं). त्या ९० दिवसांच्या आत मॅनेजरच्या हातात तुम्हाला मदत करायला थोडी जागा असते, लहान उद्योगांसाठी रिव्हायव्हलची रिझर्व्ह बँकेची व्यवस्था आहे आणि त्यासाठी कर्जदार स्वतः अर्ज करू शकतो. एनपीए झाल्यावर तोच मॅनेजर चहा पाजेल पण त्याचे हात बांधलेले असतात. जाताना तीन कागद न्या: येणं किती आणि कुणाकडून, हातातल्या ऑर्डर, आणि महिन्याला तुम्ही खरंच किती भरू शकता तो आकडा. तोंडी रडगाण्यापेक्षा हा कागद बँकेत चालतो.

दुसरी शाखा, एखादं मशीन, एखादा प्रॉडक्ट बंद करायचा निर्णय वर्षानुवर्षं लांबतो कारण घातलेले पैसे आठवतात. ते पैसे गेले, ते आता हिशोबात घेऊच नका. पुढचे सहा महिने अजून किती घालावे लागतील तेवढंच लिहा आणि त्याच कागदावर एक तारीख आणि एक आकडा टाका, ‘३० सप्टेंबरपर्यंत महिन्याची विक्री अमुक नाही झाली तर बंद’. हे शांत डोक्याने आधी लिहायचं, कारण त्या तारखेला तुम्ही नक्की म्हणणार आहात की आता दिवाळी तोंडावर आहे.

आणि सगळा धंदाच बंद केला तर नुसतं शटर खाली ओढून चालत नाही. जीएसटी नंबर चालू राहिला की निल रिटर्नची लेट फी दर महिन्याला लागत राहते. नंबर रद्द करायचा अर्ज पोर्टलवर आरईजी-१६ या फॉर्ममध्ये द्या, रद्द झाल्यावर तीन महिन्यांच्या आत शेवटचं रिटर्न जीएसटीआर-१० भरा, करंट अकाउंट बंद करा, विजेच्या मीटरचं डिपॉझिट आणि जागामालकाकडचं डिपॉझिट परत मागा. शेवटच्या या दोन रकमा मागायला लोक सगळ्यात जास्त टाळाटाळ करतात, आणि पैशाची खरी गरज तेव्हाच असते.